बेस कोण वाजवणार?

पोलादपूरच्या वाड्यांवर वारकरी वळण जुने आहे. देवळात सप्ताह बसला, की पखवाजवाला टाळकऱ्यांच्या आधी येऊन बसतो आणि सगळ्यात आधी मागतो ती कणीक. मूठभर पीठ, जरासे पाणी. मळून त्याची जाडसर चकती डाव्या पुडीच्या मधोमध थापायची. थाप मारून बघायची, आणखी थोडी लावायची, पुन्हा बघायची. कणीक जितकी जास्त तितका आवाज खाली. फार झाली तर पुडी मुकी होते, मग थोडी खरवडून काढायची. भजन रंगात येईपर्यंत ती सुकू लागते आणि आवाज वर चढतो, तेव्हा बोट ओले करून वरून फिरवायचे. उजवी बाजू हातोडीने ठोकून सुरात घेतात, डावी पिठाने. खालचा आवाज मिळवण्याची याहून स्वस्त रीत माझ्या माहितीत नाही. तिच्यातला नियम सरळ आहे: थरथरणाऱ्या वस्तूचे वजन वाढवले की ती सावकाश थरथरते, आणि सावकाश थरथरली की सूर खाली उतरतो.

आता पखवाजाच्या जागी गिटार ठेवू. महाड, बिरवाडी, पोलादपूर या पट्ट्यात गिटार काही दुर्मीळ राहिलेली नाही. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाकडे असतेच. दोघांकडे असली की बँड झाला. एक गाणारा किंवा गाणारी, तालाला कहोन ही लाकडी पेटी नाहीतर ऑक्टोपॅड. गॅदरिंग, गणपती, २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा वर्धापनदिन, एप्रिलमध्ये भीमजयंती, मित्राची हळद. वाजवायला निमित्ते पुष्कळ. घरातल्या खोलीत झकास वाटणारा हा बँड मंडपात मात्र उघडा पडतो. गाणे तेच, वाजवणारे तेच, पण ‘आवाज भरत नाही’. मग कोणीतरी म्हणतो, बेस पाहिजे. आणि लगेच दुसरा विचारतो, बेस वाजवणार कोण, आणि पैसे कोण देणार?

आधी काय कमी पडते ते पाहू. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा, म्हणजे ८२ हर्ट्झचा. बेस गिटारची सर्वांत जाड तार बरोबर त्याच्या निम्म्यावर, ४१ हर्ट्झवर. बेसच्या चार तारा म्हणजे गिटारच्या चार जाड तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. साध्या लाकडी गिटारच्या पेटीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. त्याखाली पेटी फारशी मदत करत नाही. म्हणजे दोन गिटारी कितीही जोरात वाजवल्या तरी त्या खालच्या सप्तकात कोणी नसतेच. तिसरी गिटार आणली तरी नसते.

त्यात आपला कान खालच्या सुरांच्या बाबतीत मंद आहे. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसांना वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवून याचा आलेख काढला. आजच्या मोजमापानुसार १००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबलवर कानाला लागतो, तर ४० हर्ट्झच्या सुराला पन्नासच्या वर डेसिबल लागतात. ऊर्जेत हा फरक पन्नास हजार पटींच्या पुढे जातो. बेसचे बॉक्स एवढे अवजड का असतात आणि साउंडवाल्याचा निम्मा टेम्पो तेच का अडवतात, याचे उत्तर इथे आहे.

पण याच कानाची एक लबाडी आपल्या फायद्याची आहे. पूजेच्या मांडवावर बांधलेला जुना भोंगा आठवा. तो शे-दोनशे हर्ट्झच्या सुरांना जवळजवळ हातच लावत नाही, तरीही त्यातून ढोलकीचा धूम आपल्याला ‘ऐकू’ येतो. कुठलाही सूर एकटा येत नाही. ४१ हर्ट्झच्या तारेबरोबर ८२, १२३, १६४ अशी त्याची पटीतली भावंडे येतात. मूळ सूर गळाला आणि भावंडे पोचली, तरी मेंदू त्यांच्यातले अंतर ओळखून मूळ सूर मनाने भरून काढतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवर बेस कळतो तो असाच. बजेट कमी असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. लहान स्पीकरवर वाजवायचे असेल तर बेसला थोडी खरखर, थोडे ‘ड्राइव्ह’ द्यावे. त्याने भावंडे वाढतात आणि खालचा सूर नसतानाही असल्यासारखा वाटतो.

कणकेचा नियम तारेलाही लागू आहे. फ्रान्समधले धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६३६ मध्ये तारेचे गणित छापले, ते अजून बदललेले नाही. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण, वजन. एक सप्तक खाली जायचे तर तार दुप्पट लांब करा, किंवा ताण चौथाई करा, किंवा वजन चौपट करा. गिटारच्या तारेची मोकळी लांबी ६५ सेंटिमीटरच्या जवळपास, बेसची ८६. ही काही दुप्पट झाली नाही. उरलेले काम वजनाने केले आहे. गिटारची सर्वांत जाड तार सव्वा मिलिमीटरच्या आसपास, बेसची अडीचच्या पुढे, वर धातूची गुंडाळी. ती गुंडाळी म्हणजे तारेला लावलेली कणीकच.

त्यामुळे ‘गिटारच्या तारा सैल करून बेस बनवू’ हा बेत फसतो. एक सप्तक उतरवली की ताण चौथाईवर येतो, तार फ्रेटवर लोळते आणि सूर प्रत्येक आघाताला डगमगतो. जाड तारा आणून साध्या गिटारवर चढवायच्या तर नटच्या खाचा आणि खुंट्यांची भोके त्यांना अपुरी पडतात. मात्र थोडेसे उतरवणे फुकट आणि उपयोगाचे आहे. जाड तार दोन अर्धस्वर खाली, डी वर, म्हणजे ७३ हर्ट्झवर आणली तर गिटारचा स्वभावच बदलतो. आपल्याकडच्या कितीतरी चाली एकाच षड्जावर रेंगाळणाऱ्या असतात. तो षड्ज डी धरला आणि मोकळी जाड तार अंगठ्याने वाजत ठेवली, तर निम्मे काम बेस न आणताच होते.

फुकटात होणारी आणखी दोन कामे आहेत, आणि मला विचाराल तर पैसे खर्च करण्याआधी हीच करावीत. पहिले म्हणजे दोन्ही गिटारींनी एकाच जागी एकच कॉर्ड बडवणे थांबवणे. गाणे सी मध्ये असेल तर एकाने खाली मोकळा सी धरावा, दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कापो लावून जी च्या आकारात वाजवावे. सूर तोच, पण एक गिटार वर सरकली आणि त्यामुळे दुसरी आपोआप खालची वाटू लागली. दुसरे काम मिक्सरवरचे. गाण्याच्या माइकला आणि वरच्या गिटारला लो-कटचे बटण असते ते दाबायचे. साधारण १०० हर्ट्झखालचा गाळ निघून गेला की खाली जागा होते. बेस वाढवण्यासाठी बेसचाच खटका फिरवायचा, ही सवय लग्नाच्या डीजेने लावली आहे. आधी बाकीच्यांचा बेस कमी करून बघावा.

जागा झाली, आता तिथे कोणाला बसवायचे? इथे महाड-पोलादपूरच्या मुलांचे नशीब शहरातल्या मुलांपेक्षा बरे आहे, कारण खालचा आवाज सांभाळणारी माणसे त्यांच्या आजूबाजूला आहेत. शिमग्यात पालखीपुढे खालूबाजा वाजतो: वर सनई, मधे टिमकी, खाली ढोल. महाडच्या विरेश्वराच्या छबिन्याला गावोगावच्या पालख्या आणि सासनकाठ्या येतात, तेव्हा कुठला ताफा कुठून येतोय हे सनईच्या आधी ढोलावरून कळते. कारण भौतिकशास्त्राचे आहे. ४१ हर्ट्झच्या एका लाटेची लांबी आठ मीटरच्या वर; घर, झाड, टेकाड यांना ती वळसा घालून जाते, आणि हवा तिला फारशी शोषतही नाही. सनईचे बारीक सूर वाटेतच झिजतात. आंबेनळी घाटाखालच्या एखाद्या वाडीवर रात्री बसले की पलीकडच्या गावातला फक्त ढोल ऐकू येतो, गाणे नाही.

त्या ढोलवाल्याला किंवा पखवाजवाल्याला बँडमध्ये घ्यायला मुले लाजतात, हे मला कळत नाही. गिटारशेजारी पखवाज शोभत नाही असे त्यांना वाटते. डावी पुडी गाण्याच्या षड्जाजवळ उतरवून तिच्याखाली एक माइक ठेवला तर जो गुबगुबीत, सुरेल ठोका मिळतो, तो स्वस्त ऑक्टोपॅडच्या किकला मिळत नाही. गोव्यात घुमट हेच काम पिढ्यान्पिढ्या करत आले आहे. मातीचे मडके, एका तोंडाला चामडे, दुसरे तोंड हाताने झाकत-उघडत आवाज खालीवर करायचा. गोवा सरकारने २०१९ मध्ये त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला.

ढोल-पखवाजाने खालचा ठोका येतो. खालची चाल येत नाही. चालीसाठी बदलता सूर लागतो, आणि तो कुठे टाकायचा हे पुन्हा तालवाल्याकडूनच शिकायचे. केरवा घ्या: धा गे ना ती, न क धी ना. पहिल्या दोन मात्रांना डग्गा बोलतो, मग गप्प होतो, खालीच्या ‘न’ ला तर मुद्दाम बंद असतो, आणि ‘धी’ ला परत येतो. नवशिक्या बेसवाल्याने एवढेच करावे: ‘धा’ वर कॉर्डचा मूळ सूर, ‘धी’ वर त्याचा पंचम, आणि जिथे डग्गा बंद तिथे तारेवर हात ठेवून तीही बंद. पहिले काही महिने याहून जास्त काही वाजवायची गरज नाही. बेसचा परिणाम निम्मा सुरात आणि निम्मा त्या गप्प बसण्यात असतो, आणि हे आपल्याकडच्या भजनी ठेक्यात वाढलेल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

चालीचा सर्वांत जवळचा उपाय बहुधा शेजारच्या घरात पडून असतो. तो म्हणजे कीबोर्ड, ज्याला सगळे कॅसिओच म्हणतात, मग तो यामाहाचा का असेना. भजनी मंडळात, बॅन्जो पार्टीत, शाळेच्या समूहगीतात कॅसिओवाला असतोच. बहुतेक कीबोर्डांवर ‘स्प्लिट’ची सोय असते: पट्ट्या दोन भागांत वाटून डाव्या हाताला बेस गिटारचा आवाज आणि उजव्या हाताला दुसरा कुठलाही. डाव्या हाताने एकावेळी एकच पट्टी, तीही फक्त सम आणि अर्ध्यावर. अमेरिकेतल्या ‘द डोअर्स’ या गाजलेल्या बँडला मंचावर बेसवाला नव्हताच. रे मँझारेक उजव्या हाताने ऑर्गन आणि डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्सचा छोटा पियानो-बेस वाजवत असे. आपल्या कॅसिओवाल्याची अडचण वेगळी असते. त्याला दोन्ही हातांनी भरपूर वाजवायची सवय असते आणि डाव्या हाताला कॉर्ड पकडायची इच्छा आवरत नाही. खालच्या सप्तकात तीन पट्ट्या एकदम दाबल्या की नुसता गोंधळ उडतो, कारण तिथल्या सुरांची भावंडे एकमेकांत अडकतात. एक बोट, एक पट्टी. हे पाळले तर खर्च शून्य.

इथे बॅन्जो पार्टीबद्दल दोन शब्द. गिटारवाली मुले तिच्याकडे नाक मुरडतात, पण कमी पैशात मोठा आवाज कसा उभा करायचा याची शाळा कोकणात तीच आहे. ज्याला आपण बॅन्जो म्हणतो ते मूळचे जपानी वाद्य. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टंकलेखन यंत्रासारख्या कळा लावून ताइशोगोतो बनवले, ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले, आणि मुंबई-कोकणातल्या पोरांनी त्याला पिकअप लावून रस्त्यावर उतरवले. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही काढला. पार्टीत बॅन्जो वरच्या पट्टीत किंचाळतो, कारण खालची सगळी जबाबदारी ढोल, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डने वाटून घेतलेली असते. कोणी एकमेकांच्या जागेत शिरत नाही. गिटार बँडने एक मिरवणूक त्यांच्या मागून चालून पाहावी.

गिटारवाल्यानेच बेस द्यायचा असेल तर ऑक्टेव्ह पेडल आहे. पायाशी ठेवायची डबी. गिटारचा सूर आत जातो आणि एक किंवा दोन सप्तके खालचा सूर तयार होऊन बाहेर येतो. बॉस कंपनीचे ओसी-२ हे १९८२ मधले पेडल या प्रकारातले नावाजलेले. त्याची युक्ती साधी आहे. आत येणाऱ्या लाटांतली दर दुसरी लाट मोजायची, म्हणजे कंपनांची संख्या निम्मी होते. पण मोजणी एकाच सुराची होऊ शकते. दोन तारा एकदम छेडल्या की पेडल गांगरते आणि घशातून खरवडल्यासारखा आवाज काढते. नवी डिजिटल पेडले अख्खी कॉर्ड सांभाळतात, पण महाग असतात. खाली जाताना त्यांना थोडा वेळही लागतो. ८२ हर्ट्झची एक लाट पुरी व्हायलाच १२ मिलिसेकंद जातात, आणि लाट पाहिल्याशिवाय यंत्र तिला ओळखणार कसे? ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या दोनच माणसांच्या बँडमध्ये बेसवाला नव्हता. त्यांच्या २००३ मधल्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ची जगभरच्या मैदानांवर गुणगुणली जाणारी सुरुवात बेसची नाही, जॅक व्हाइटने गिटार अशाच पेडलमधून एक सप्तक खाली नेली आहे. मुद्दा इतकाच की त्या वेळी तो कॉर्ड वाजवत नाही. तुमच्या दोन गिटारींपैकी एकीने पेडल घेतले की ती गिटार राहत नाही, बेस होते. हे मान्य असेल तरच पेडल घ्यावे.

यंत्रावर काम सोपवण्याचाही एक इतिहास आहे आणि तो फिरून मुंबईत येतो. १९८१ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी बाजारात आणली. ज्या गिटारवाल्याला बेसवाला मिळत नाही त्याला साथ करायची, हाच तिचा हेतू. म्हणजे आपलाच प्रश्न. आवाज खऱ्या बेसच्या जवळपासही जाईना, चाल भरायची पद्धत किचकट, आणि १९८४ पर्यंत कंपनीने ती बनवणे थांबवले. जुन्या बाजारात ती कवडीमोलाने मिळू लागली, तेव्हा शिकागोतल्या फ्यूचर या त्रिकुटाने तिचे खटके वेडेवाकडे फिरवून १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढले आणि नाचाच्या संगीताचा एक प्रकारच जन्मला. पण त्याच्या पाच वर्षे आधी मुंबईत चरणजित सिंग ही डबी घेऊन बसले होते. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गिटार, बेस, सिंथेसायझर वाजवणारा हा वादक. १९८२ मध्ये त्यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन यंत्रे जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची तबकडी काढली. तेव्हा ती कोणी फारशी उचलली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि युरोपातल्या श्रोत्यांनी डोळे विस्फारले. २०१५ मध्ये चरणजित सिंग गेले.

आज त्या डबीची नक्कल करणारी ॲप मोबाइलमध्ये चालतात. फोनचा आवाज मिक्सरला जोडला की झाले. सरावासाठी उत्तम. कार्यक्रमात मात्र माझे मत विरुद्ध आहे. गाणारा एका ओळीवर थांबला, श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मुखडा पुन्हा घेतला, तर यंत्र थांबत नाही, ते पुढे निघून जाते. आपल्याकडचा कार्यक्रम असा फरफटत जायला तयार नसतो.

सुताराकडून करून घ्यायच्या वस्तूही आहेत. कहोन म्हणजे पेरूमधल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचे वाद्य, ज्यावर बसायचे अशी लाकडी पेटी. सुमारे ३० सेंटिमीटर रुंद आणि ४८ उंच, तीन बाजूंना जाड प्लाय, समोर तीन-चार मिलिमीटरचा पातळ, मागे एक गोल भोक. समोरच्या प्लायच्या मध्यावर तळवा पडला की आतली हवा भोकातून आतबाहेर होते आणि पेटीच्या मानाने बराच खालचा आवाज येतो. पेटी मोठी केली तर आणखी खाली जातो. ‘बीटल्स’ होण्याआधीच्या पोरांच्या बँडमध्ये, १९५७ च्या सुमारास, बेस म्हणून चहाची रिकामी प्लायवुडची पेटी होती: तिला एक काठी, काठीला एक दोरी, काठी मागे ओढली की ताण वाढून सूर वर. चहाच्या अशा पेट्या आसाम आणि सिलोनहून बोटीने जात. असले वाद्य सुरात ठेवणे महाकठीण, पण गॅदरिंगला टाळ्या घेईल.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके यावरच पैसे वाया जातात. खालचा सूर बनवणे एक, तो हवेत सोडणे दुसरे. तेवढ्याच आवाजासाठी सूर एक सप्तक खाली गेला, की स्पीकरच्या पडद्याला चौपट लांब हलावे लागते. गिटारच्या आठ इंची ॲम्पमध्ये बेस घातला की पडदा फडफडतो आणि एक दिवस फाटतो. मग मुले बेसचा मोठा ॲम्प शोधायला लागतात, ज्याची किंमत बेस गिटारपेक्षा जास्त असते. नाकापेक्षा मोती जड. खरे तर तुमच्या भागातल्या प्रत्येक कार्यक्रमाला साउंडवाला येतोच, आणि त्याच्याकडे अठरा इंची स्पीकरचे बॉक्स असतात. ते फक्त डीजेसाठीच आहेत असे नाही. बेस गिटार, कीबोर्ड, पेडल काहीही असो, मधे एक डीआय बॉक्स टाकायचा. दोन हजारांच्या आसपास मिळणारी ही डबी वाद्याचा नाजूक सिग्नल लांब केबलवरून मिक्सरपर्यंत न गळता पोचवते. बँडने बेससाठी पहिली खरेदी करायची तर हीच. दुसरी, सरावासाठी हेडफोनचा छोटा ॲम्प. साउंडवाल्याशी कार्यक्रमाच्या आधी बोलावे, ऐनवेळी बोलू नये. आणि बेस किती ठेवायचा हे त्याच्या हातात सोडून देऊ नये, कारण त्याचा कान हळदीला तयार झालेला असतो.

सरावाच्या खोलीत एखादा बारा किंवा पंधरा इंची स्पीकर मिळाला तर तो मधे ठेवू नका. भिंतीला लावला की खालचा आवाज वाढतो, कोपऱ्यात ढकलला की आणखी वाढतो, कारण मागे आणि बाजूला जाणारी लाटही परतून पुढे येते. वीज लागत नाही, पैसा लागत नाही. खोली काही ठरावीक सुरांनाच घुमायला लागली तर स्पीकर हातभर पुढे ओढायचा.

मांडवात अर्थिंग नसेल तर स्पीकरमधून एक हुंकार येत राहतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि बेसवरचा सर्वांत खालचा जी ४९ हर्ट्झचा; दोघे शेजारी. गाणे जी मध्ये असले की हा हुंकार बेसशी भांडतो आणि आवाज हेलकावे खाऊ लागतो. डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण असते, ते दाबून पाहावे. पिनमधली अर्थिंगची कांडी मात्र कधीही तोडू नये. ओल्या मांडवात गिटारवाल्याचा जीव तिच्यावर असतो.

आणि रात्री दहा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून ठरावीक दिवसच राज्य सरकार ती वेळ बारापर्यंत वाढवू शकते. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. मांडवात तुम्ही आवाज कमी केला तरी बेस भिंतीतून पलीकडे जातोच. तक्रार आली की पहिला बेस खाली करा; शब्द ऐकू येत राहतील.

एवढे करूनही बेस गिटारच हवी, आणि वाजवायला एकजण मनापासून तयार आहे, तर घ्या. नवी साधी चार तारांची दहा हजारांच्या आसपास सुरू होते. महाडहून मुंबईला जाणारे धोबी तलावावरच्या फुर्टाडोजमध्ये जातात, ते दुकान १८६५ पासूनचे आहे. कोणी पुण्याची वाट धरतात. जुनी घेण्यात कमीपणा नाही. फक्त मान डोळ्यासमोर धरून वाकली आहे का पाहा, प्रत्येक फ्रेटवर सूर खडखडतो का ऐका, खटके फिरवताना कुरकुर येते का बघा. हात लहान असतील तर ७६ सेंटिमीटर लांबीची ‘शॉर्ट स्केल’ मागा. तिचा आवाज जरा गोलसर असतो आणि बोटे कमी दुखतात. ऑनलाइन मागवायची तर पावसाळ्यात नको.

पावसाळा हाच इथे खरा खर्च. जून ते सप्टेंबर हवेतली ओल तारांना, खटक्यांना, पिकअपच्या स्क्रूंना खाते. महाडला सावित्री आणि गांधारीचा पूर जुना. २०२१ च्या जुलैमध्ये बाजारपेठ पाण्यात गेली होती. वाद्ये तळमजल्यावर ठेवायची नाहीत, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायच्या. बेसच्या तारांचा संच गिटारच्या संचाच्या कितीतरी पट महाग, म्हणून वाजवून झाले की सुक्या फडक्याने एकेक तार पुसायची. तरीही काही महिन्यांनी त्या मंद होतात, कारण गुंडाळीच्या खोबणीत घाम आणि मळ साचतो. मग तारा उतरवून, वेटोळे करून, पातेल्यात दहा मिनिटे उकळायच्या, नीट कोरड्या करायच्या आणि परत चढवायच्या. मळ निघतो, वजन सारखे होते, आवाज पुन्हा उघडतो. गंज चढलेल्या तारांना मात्र याचा उपयोग नाही. त्या बदलाव्याच लागतात.